आवाजाचं शेपूट

"अजून थोडं," गोरक्ष म्हणाला.

"अजून?" मिहिरनं जमिनीवर बसूनच गिटारच्या पेडलचा नॉब फिरवला. "हं, वाजव आता."

गोरक्षनं तार छेडली. सूर खोलीभर पसरला, कपाटावर जाऊन बसला, बाल्कनीच्या जाळीतून बाहेरही गेला असावा. कारण समोरच्या इमारतीतल्या काकू कपडे वाळत घालता घालता थांबल्या आणि इकडे बघायला लागल्या.

"बास?"

"नाही राव. अजून कोरडंच वाटतंय."

"कोरडं?" मिहिर गुडघ्यावर हात टेकवून उठला. "गोऱ्या, भावा, गिटार विहिरीत पडलीय आपली. तिला आता दोर टाकायचा तर तू अजून पाणी सोडतोयस."

आतून निवेदिताचा आवाज आला. "मिहिर, तुमचं गाणं मंगल कार्यालयाच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड होतंय का?"

"बघ! तुझी वहिनी पण तेच म्हणतेय."

गोरक्ष हसला, पण नॉबकडे बघतच राहिला. त्याला खरंच कोरडं वाटत होतं. सूर निघायचा, जरा पुढे जायचा आणि कुणीतरी दार लावून घेतल्यासारखा संपायचा. त्याच्या डोक्यात जो सूर होता तो असा नव्हता. तो लांब जाणारा होता, जाता जाता बारीक होणारा.

रिव्हर्ब म्हणजे सूर वाजून गेल्यावर मागं जे रेंगाळतं ते. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की टाळीच्या मागून एक पुसटसा थर येतो, तसं. गोरक्ष आणि मिहिर त्याला शेपूट म्हणायचे. पेडलवर शेपटाचे चार प्रकार होते. मिहिरनं ती नावं पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा गोरक्षनं ती आपल्या पद्धतीनं लावून घेतली होती. रूम म्हणजे आपली भोसरीची खोली. हॉल म्हणजे कार्यालय. स्प्रिंग म्हणजे गाडीच्या शॉकअपची. आणि प्लेट म्हणजे पत्रा.

"पत्राच," मिहिर म्हणाला होता. "आधी स्टुडिओत खरंच मोठा पत्रा टांगायचे. त्याच्यात आवाज सोडायचे, पत्रा थरथरायचा, मग ती थरथर रेकॉर्ड करायचे. हे त्याचीच नक्कल."

गोरक्षला हे फार आवडलं. तो चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला होता. गाडीच्या दरवाज्याचे पत्रे दाबून काढायचं काम. दिवसभर जो माणूस पत्रा दाबतो त्याच्या गिटारमागं पत्राच असायला पाहिजे, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

मिहिर त्याला भेटला तोही कंपनीतच. कॉम्प्युटरची कसलीतरी सिस्टीम बसवायला आला होता. गोरक्षच्या आयकार्डाच्या पट्ट्याला गिटारची नखी अडकवलेली त्यानं बघितली आणि विचारलं, "वाजवता?" गोरक्ष म्हणाला, "मोबाईलवर बघून बघून." तेव्हापासून दर रविवारी पिंपळे गुरवला मिहिरच्या फ्लॅटवर यायचं असं सुरू झालं. हळदीचे कार्यक्रम झाले, संत तुकाराम नगरच्या एका सोसायटीचं स्नेहसंमेलन झालं. तिथं सगळी दुसऱ्यांची गाणी. आता पहिल्यांदाच स्वतःचं गाणं रेकॉर्ड करायचं चाललं होतं. शब्द मिहिरचे, आवाज मिहिरचा, आणि गाण्याच्या मधली आणि शेवटची गिटार गोरक्षची. ती धून त्यानं कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून, गुणगुणत बनवली होती.

सुरुवातीलाच ठरलं होतं. शब्दात गोरक्षनं बोट घालायचं नाही आणि गिटारच्या टोनमध्ये मिहिरनं.

"हे बघ," मिहिर आता पेडलची वायर गुंडाळत म्हणाला, "घरी घेऊन जा. आठवडाभर वाजव. पुढच्या रविवारी फायनल टेक. तू म्हणशील ते. तुझा टोन आहे, मी काय बोलणार?"

"बोलतोस की. विहीर म्हणालास."

"ते मित्र म्हणून म्हणालो."

गोरक्षला त्या 'तुझा टोन आहे'चं जे वाटायचं ते त्यानं मिहिरला कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच. शिक्षण कुठपर्यंत करायचं ते मामानं ठरवलं, कंपनीत मामानंच चिकटवलं. जमीन द्यायची का नाही ते चुलत्यांनी ठरवलं. मुलगी आईनं बघितली, आईची पसंती म्हणजे विषय संपला. भोसरीची खोलीसुद्धा बायकोच्या, तनुजाच्या, भावानं शोधलेली. यातलं काहीच वाईट निघालं नाही. बायको तर चांगलीच निघाली. पण कुठल्याच वेळी कुणी त्याच्याकडे वळून, "गोरक्ष, तू सांग," असं म्हणालं नव्हतं. या गाण्यात म्हणत होतं.

---

सोमवारी पहिली शिफ्ट करून तो दुपारी घरी आला, जेवला आणि छोटा अँप, गिटारचा स्पीकर, खुर्चीवर ठेवून पेडल लावलं. तनुजा खिडकीपाशी मशीनवर साडीला पिको करत होती.

"जरा मशीन थांबव ना."

"कुलकर्णी बाईंची साडी आहे. संध्याकाळी येतील त्या."

"दोन मिनिटं."

तिनं पाय थांबवला. गोरक्षनं पेडल पत्र्यावर लावून एक सूर वाजवला आणि लगेच तळहातानं तारा दाबून धरल्या, म्हणजे नुसतं शेपूट उरेल.

"कसंय?"

"छान आहे की." ती थोडा वेळ थांबली. "पण ते मागचं थांबतं कधी?"

"थांबलं की."

"कुठं थांबलं? चालू आहे ना अजून."

गोरक्षनं अँपकडे बघितलं. अँप गप्प होता.

"तुला मशीनचं वाटत असंल."

"मशीन बंद आहे, अहो. हे काय, पाय वर घेऊन बसलेय."

तिनं खरंच पाय वर घेतले होते. गोरक्ष म्हणाला, "आपण असं करू. डोळे मिट. हात वर कर. आवाज संपला की हात खाली. मी पण करतो."

"शाळेत आहे का मी?"

"कर तर."

तिनं हसत हसत डोळे मिटले, हात वर केला. त्यानं सूर वाजवला, तारा दाबल्या, आपला हात वर केला, डोळे मिटले. शेपूट निघालं. चांगलं मोठं होतं. जरा पुढे गेलं आणि संपलं. कानात रोजचे रातकिडे होते ते सुरू झाले. शिफ्ट करून आलं की असायचेच ते, त्यांच्याकडे तो लक्ष देत नसे. त्यानं हात खाली घेतला आणि डोळे उघडले.

तनुजाचा हात वरच होता.

बांगड्या घसरून कोपराकडे आल्या होत्या. मान थोडी कललेली. बाहेरून भंगारवाला ओरडत गेला, तिच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. हात वरच. गोरक्ष बघत राहिला. त्याला वाटलं ही मुद्दाम करतेय. पण मुद्दाम करताना तिच्या तोंडाच्या कडेला हसू येतं, ते नव्हतं. मग हळूच, झोपलेल्या लेकराला खाली ठेवावं तसा, तिनं हात खाली आणला.

"संपलं," ती म्हणाली. "केवढं लांब हो! तुमचा कधी खाली आला?"

"तुझ्याबरोबरच."

त्यानं पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मग हॉल लावला आणि टोनचा नॉब पार डावीकडे फिरवला, म्हणजे आवाजातली वरची धार जाऊन नुसता जाड भाग राहतो. तेव्हा दोघांचे हात जवळजवळ बरोबरच खाली आले. परत पत्रा. परत त्याचा हात आधी. मधे त्यानं नॉब कमी करून बघितला, जास्त करून बघितला. आणि पुढच्या एका वेळी त्यानं डोळे उघडले तर तनुजा त्याच्याकडेच बघत होती. तिचा हात वर, त्याचा मांडीवर.

"अहो."

"काय?"

"आहे की अजून आवाज."

"गंमत करतोय."

तनुजा हसली नाही. तिनं साडीचा काठ सारखा केला. "टीव्हीचा आवाज मोठा करता रोज, ते पण गंमत का?"

गोरक्षनं पेडलची वायर काढली. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि मग मशीन सुरू केलं.

---

प्रेस शॉपमध्ये बोलणं हातवाऱ्यांनी चालतं. मुठीवर मूठ म्हणजे पत्र्याचा साचा, डाय, बदलायची, कानाजवळ अंगठा म्हणजे सुपरवायझर बोलावतोय, पोटावर हात म्हणजे जेवण. प्रत्येकाला कानात घालायचे फोमचे नारिंगी प्लग मिळतात आणि प्रत्येक जण ते घालतो. गोरक्षही घालायचा. फक्त एक होतं. डायला कुठं चीर गेली, पत्रा वाकडा बसायला लागला, तर ते आधी डोळ्याला दिसत नाही. आधी ठोक्याचा आवाज बदलतो. किंचित. तो ज्याला कळतो तो पुढचे शेकडो पत्रे वाया जाण्यापासून वाचवतो. आणि ते या लाइनवर गोरक्षला कळायचं. "गोरक्षला बोलवा, त्याला कान आहे," असं इंजिनिअर लोक म्हणायचे. मग गोरक्ष यायचा, प्रेसजवळ उभा राहायचा, उजवा प्लग काढायचा, मान खाली घालून ऐकायचा. अशी किती तरी वर्षं गेली. ऐकून झालं की प्लग परत घालायचं कधी लक्षात राहायचं, कधी नाही.

त्या आठवड्यात मेडिकलची गाडी आली. दर वर्षी येते. डोळे, रक्त, वजन आणि कान. कानासाठी गाडीतच एक लहान केबिन असते. हेडफोन घालून आत बसायचं, बीप ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. केबिनला समोर काच आणि काचेपलीकडे मॅडम.

प्रेस शॉपमध्ये आलेल्या माणसाला पहिल्या वर्षीच शिकवलं जायचं. गोरक्षला ज्योतीरामतात्यानं शिकवलं होतं. "आवाजाच्या नादी लागायचं न्हाई. मॅडमचा खांदा बघायचा. खांदा हालला की दाबायचं. मधी मधी एखादा सोडायचा, न्हाईतर वटवाघळावानी कान हायेत म्हनतील." सगळे हसले होते. त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. कान खराब निघाला तर प्रेसवरून उचलून लांब कुठंतरी टाकतात, ओव्हरटाइम जातो, आणि मुख्य म्हणजे प्रेस शॉपचा माणूस म्हणून जो एक मान असतो तो जातो. म्हणून सगळे खांदा बघायचे. सगळे पास व्हायचे. गोरक्षही दर वर्षी पास व्हायचा. आणि खरं सांगायचं तर, पास झाल्यावर त्यालाही वाटायचं, आपला कान काय मस्त आहे.

रांगेत त्याच्या पुढं ज्योतीराम होता. तो आत गेला, बाहेर आला, डोळा मारला. "नवी मॅडम हाय. पन खांदा झकास हालतो."

गोरक्ष आत गेला. सोनल नावाची मुलगी होती, गळ्यात कार्ड, केस घट्ट बांधलेले. त्यानं स्टूल उचललं, फिरवलं आणि काचेकडे पाठ करून बसला.

माइकमधून तिचा आवाज आला. "दादा, तोंड इकडे करून बसा."

"असंच बसू द्या मॅडम."

"बरं. बीप आला की बटण दाबायचं. माहितीये ना?"

"माहितीये. पण खरं करायला आजच बसलोय."

तिला ते काही कळलं नसावं. चाचणी सुरू झाली.

जाड बीप आले, त्यानं दाबलं. मग त्याहून बारीक, दाबलं. मग अजून बारीक, लांबून आल्यासारखा. मग काही नाही. समोर केबिनची भिंत होती, भोकाभोकांची. त्यानं ती भोकं बघितली. काहीच येत नव्हतं. मशीन बंद पडलं का काय म्हणून त्याला मागं वळून बघावंसं वाटलं, पण मागं काच होती आणि काचेत खांदा होता. तो वळला नाही. रातकिडे सुरू होते. त्यातलाच एखादा आवाज बीप वाटून त्यानं उगाच बटण दाबलं, आणि ते उगाच होतं हे दाबता दाबताच कळलं. मग त्यानं बटण मांडीवर ठेवून दिलं.

बाहेर आल्यावर सोनलनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. रेघ बऱ्यापैकी सरळ निघत होती आणि मग गच्चीच्या जिन्यासारखी खाली उतरत होती. उजव्या कानाची जास्त.

"मागच्या वर्षी तर नॉर्मल आहे तुमचं," ती म्हणाली. "एका वर्षात एवढं होत नाही दादा."

"मागच्या वर्षी दुसऱ्या मॅडम होत्या. त्यांचा खांदा हलत होता."

सोनलनं त्याच्याकडे बघितलं. मग काचेकडे. मग आपल्या खांद्याकडे.

"म्हणजे सगळे..." ती बोलायची थांबली.

"माझं सांगा. याला औषध असतंय का?"

"नाही. हे वरचे आवाज आहेत. पक्षी, भांड्यांची किणकिण, बारीक घंटी असं. गेलेलं परत नाही येत. राहिलंय ते सांभाळायचं. प्लग दोन्ही कानात, कायम." ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, "उजवा का एवढा? उजव्या बाजूला काही मोठं मशीन आहे?"

"उजवा प्लग मी काढतो. डाय ऐकायला."

पुढच्या माणसाला तिनं लगेच बोलावलं नाही. उठली, ड्रायव्हरच्या सीटवरचा पेपर आणला आणि चिकटपट्टीनं काचेवर लावून टाकला. आधी झालेल्यांनाही तिनं परत बोलावलं.

"आरं, पेपर लावला!" रांगेतून कुणीतरी ओरडलं.

कँटीनमध्ये ज्योतीराम त्याच्यासमोर येऊन बसला. त्याचीही दुसऱ्यांदा चाचणी होऊन आली होती. त्यानं ताट आपटलं.

"काय केलंस रं? येडा का खुळा तू?"

"तात्या—"

"मला म्हाईत न्हाई व्हय मला ऐकू येत न्हाई म्हनून? सुनेला म्हाईत हाय, नातवाला म्हाईत हाय. गल्लीतल्या कुत्र्याला म्हाईत हाय. कंपनीला कशाला सांगायचं मानसानं?"

"तात्या, मला माहीत नव्हतं."

"आँ?"

"मला माहीत नव्हतं!" गोरक्ष मोठ्यानं म्हणाला. शेजारच्या टेबलावरचे वळले. त्यानं आवाज खाली आणला, मग ज्योतीरामसाठी परत वर नेला. "खांदा बघून बघून मलाच वाटायला लागलं, मला ऐकू येतं."

ज्योतीरामनं भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात धरला. "तू त्ये गिटार वाजवतो ना?" त्यानं विचारलं.

"हां."

"मग?"

"मग काय. तेच."

ज्योतीरामनं मान हलवली. आपल्या वाटीतली ठेच्याची गोळी अर्धी करून त्यानं गोरक्षच्या ताटात टाकली आणि जेवायला लागला. शनिवारी गोरक्षला सांगण्यात आलं की सोमवारपासून इन्स्पेक्शनला, शेडच्या दुसऱ्या टोकाला. तयार पत्रे मापात आहेत का ते गेज लावून बघायचं.

---

रविवारी तो तनुजाला घेऊनच पिंपळे गुरवला गेला. तीच म्हणाली, मी पण येते. निवेदितानं दार उघडलं. "अरे वा, तनुजा पण! ये ये. आज तरी विहिरीतून बाहेर काढा त्या गिटारला."

गोरक्षनं चप्पल काढता काढताच मिहिरला सगळं सांगितलं. बसून, पाणीबिणी पिऊन सांगायला गेलो तर जमणार नाही असं त्याला वाटलं होतं. तनुजाचा हात, स्टूल, पेपर, सगळं. मिहिर ऐकत होता. मधेच "अरे" म्हणाला, मग तेही थांबवलं.

"म्हणजे मी विहीर म्हणत होतो तेव्हा..."

"तुझं बरोबर होतं."

मिहिरनं गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर ठेवला. तो जमिनीवर बसला, पेडल पुढं ओढलं. "थांब. एक करू. हॉल लावतो. टोन डावीकडे. वरचं सगळं कापून टाकतो. म्हणजे जे तुला ऐकू येत नाही ते आवाजात राहणारच नाही. मग तुला जेवढं येतं तेवढंच आम्हाला येणार. वाजव."

गोरक्षनं वाजवलं. शेपूट निघालं, जाड, मऊ, आणि तो त्याच्याबरोबर शेवटपर्यंत गेला. संपताना त्याला कळलं की आता संपतंय. कितीतरी दिवसांनी, का वर्षांनी, त्याला एखादं संपणं नीट ऐकू आलं.

"हे मला पूर्ण येतंय."

"मग झालं तर! फायनल."

"गाण्याला कुठलं चांगलं?"

"हेच चांगलं आहे की."

"मिहिर."

मिहिर वायरीशी चाळा करत राहिला. "हे चालेल रे. वेगळं आहे. जरा अंधारं आहे, पण..."

गोरक्षनं तनुजाकडे बघितलं. ती गादीच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर. "तू सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळत नाही म्हणून तर विचारतोय. दोन्ही ऐकलीस तू."

तिनं मिहिरकडे बघितलं, निवेदिताकडे बघितलं, मग म्हणाली, "हे गोधडीच्या आतून आल्यासारखं येतंय. ते घरी वाजवलं होतं ना, पत्र्याचं, ते... चांगलं होतं. लय लांब होतं, पण चमकत होतं. धून तीच, पण त्याच्यात ती..." तिला शब्द मिळाला नाही. "ते चांगलं होतं," ती परत म्हणाली.

खाली कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.

"पत्रा लाव," गोरक्ष म्हणाला.

"गोऱ्या, तुला त्यातलं निम्मं—"

"लाव ना. मी म्हणत होतो तेवढा नाही. तुम्हाला बरोबर वाटंल तेवढा."

"अरे पण टोन तुझा आहे. ठरलंय आपलं."

"माझाच आहे. मीच सांगतोय ना, पत्रा."

मिहिरनं पत्रा लावला. गोरक्ष एकच सूर परत परत वाजवत राहिला आणि मिहिर नॉब कमी करत गेला. एका ठिकाणी तनुजा म्हणाली, "हं." निवेदिता म्हणाली, "किंचित अजून कमी." मिहिरनं किंचित कमी केलं आणि तिघं एकदमच "बास" म्हणाले, मग एकदम बोललो म्हणून हसले. गोरक्षही हसला. त्याला आता नुसती गिटार ऐकू येत होती. तार, नखी, आणि मग भिंत. बस खडबडत जाताना खिडकीला डोकं टेकून बनवलेली धून एवढी उघडी त्यानं कधी ऐकली नव्हती. त्याचा हात एकदा नॉबकडे गेला. मग त्यानं तो परत गिटारवर आणला.

मिहिरनं अँपसमोर माइक उभा केला. बाल्कनीचं दार लावलं, पंखा बंद केला. "शेवटचा सूर वाजला की कुणी हलायचं नाही," तो सगळ्यांना म्हणाला. "पार संपेपर्यंत. खुर्ची कुरकुरली तरी येतं रेकॉर्डिंगमध्ये."

पहिल्या वेळी गोरक्षची मधेच एक तार चुकली. दुसऱ्या वेळी समोरच्या काकूंच्या घरची बेल वाजली, तनुजानं सांगितली. तिसऱ्या वेळी तो वाजवत गेला आणि कुठं अडला नाही. मधला भाग झाला. मिहिरचा आधीच रेकॉर्ड केलेला आवाज हेडफोनमध्ये आला आणि गेला. शेवटची धून आली. ती बोटांना पाठ होती, तिथं त्याला कानाची गरजच नव्हती. शेवटचा सूर त्यानं वाजवला, थोडा धरला आणि तारा हळूच दाबल्या. हेडफोन मानेवर ओढला.

संपलं.

मिहिर हलला नाही. निवेदिता स्वयंपाकघराच्या दारात होती, भिंतीला खांदा टेकवून, नजर जमिनीकडे. तनुजा वर पंख्याकडे बघत होती, बंद पंख्याकडे, ओठ किंचित उघडे. घामाचा थेंब मिहिरच्या कानामागून उतरत होता आणि त्यानं तो पुसला नाही. सगळी खोली कुठल्यातरी एका गोष्टीकडे लागली होती आणि ती गोष्ट गोरक्षनंच सोडलेली होती.

त्याच्या पायाला मुंग्या आल्या होत्या. पट्टा खांद्याला टोचत होता. त्यानं श्वास हळू घेतला, हळू सोडला. बोटं तारांवर होती तशीच ठेवली. त्यांचं ऐकून होईपर्यंत तो तसाच बसून राहिला.